जवारीचा शॉट कुठं कापायचा?

बर्ट हान्स्त्रा या डच दिग्दर्शकाचा ‘ग्लास’ हा 1958 सालचा लघुपट जेमतेम अकरा मिनिटांचा आहे. लेर्डमच्या काच कारखान्यात कारागीर लांब नळीला तोंड लावून वितळलेली काच फुगवतात, एवढाच त्याचा विषय. कारखान्याला हवा होता तो माहितीपट हान्स्त्रानं करून दिलाच, पण त्याच कामातून निवेदनाचा एक शब्दही नसलेला हा दुसरा चित्रपट निघाला आणि 1959 सालचं लघु माहितीपटाचं ऑस्कर घेऊन गेला. पिम याकोब्सच्या जॅझवर तो असा बांधलाय, की कारागिराचे गाल फुगतात आणि सूर सुटतो, नळी फिरते आणि ताल वळण घेतो. मध्ये बाटल्या करणारं यंत्र येतं. मान तुटलेली एक बाटली त्याच्या चिमट्यात सापडत नाही, मागच्या बाटल्या धडाधड आपटून फुटतात आणि यंत्र आपलं चालूच राहतं.

नोकरी सांभाळून सुट्टीत कॅमेरा उचलणाऱ्या माझ्यासारख्याला हा चित्रपट चेव आणतो. त्यात नट नाहीत, गोष्ट नाही. कामाची लय ओळखणारा डोळा आहे आणि ती लय जिथं पुरी होते तिथं पडणारी कात्री. काच जर अशी वाजू शकते, तर जिथं वाद्यंच घडतात तिथं काय होईल, या विचारानं मी मिरजेची सितारमेकर गल्ली गाठली.

मिरजेत तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकात रुजला. फरीदसाहेब सितारमेकर हे त्याचे मूळपुरुष मानले जातात. हत्यारं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगारांचं हे घराणं लढायांचे दिवस सरल्यावर वाद्यांकडे वळलं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी ज्या कारखान्यात बसतो तो म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. छताला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या दांड्या उभ्या, आणि दाराच्या उजेडात मांडी घालून बसलेले चाचा. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणतात.

पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा आधी कापतात आणि पाण्यात भिजवून हवा तसा आकाराला आणतात. मग गळा, दांडी, तबली, खुंट्या, वर नक्षी आणि शेवटी लाखेचं पॉलिश. या सगळ्यावर हान्स्त्राची कात्री झकास चालते. करवतीचा हात पुढं जातो, मागं येतो. पटाशीवर ठोका पडतो, ढलपी उडते. प्रत्येक हालचालीला सुरुवात आहे, शेवट आहे आणि स्वतःचा आवाज आहे. असे तुकडे शेजारी शेजारी ठेवले की ठेका आपोआप धरला जातो.

जवारीपाशी मात्र ही रीत अडते.

जवारी काढणं म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग असा घासणं, की तार तिच्यावर टेकूनही पुरती टेकत नाही, निसटता स्पर्श करत थरथरते. नुसत्या नजरेला तो पृष्ठभाग सपाटच वाटतो. त्याचा उतार चाचांच्या बोटाला कळतो. ते तार छेडतात, मान किंचित कलती करून ऐकतात, तार बाजूला सारतात, कानशीचे दोन हलके हात मारतात, तार पुन्हा जागेवर आणतात आणि छेडतात. नंतर तारेखाली सुताचा धागा सरकवतात. धागा केसभर हलला, की आतापर्यंत ठोकळ वाटणारा आवाज उघडतो आणि एका तारेतून सुरांची झालर बाहेर पडते.

तार छेडल्याचा क्षण दाखवून पुढच्या छेडण्यावर उडी मारली, तर मधला नाद तुटतो. आणि जवारी म्हणजे तो मधला नादच. काच फुगवणाऱ्याचा श्वास संपतो, म्हणून तिथं कापता येतं. तंबोऱ्याची पहिली तार विझायच्या आत दुसरी बोलते, जोड आणि खर्ज एकमेकांत मिसळतात आणि चौथी संपायच्या आधी पुन्हा पहिली येते. कात्री लावायला फटच नाही.

म्हणून इथं आवाज आधी. बंद जवारीपासून खुल्या जवारीपर्यंतचं रेकॉर्डिंग मी सलग घेतो आणि चित्रं नंतर त्यावर चढवतो. चित्र बदलायचं ते नाद भरात असताना. छेडण्याच्या आघातावर बदललं तर झटका बसतो.

रेकॉर्डिंगआधी पंखा बंद, आणि ट्यूबलाइटही. मर्दानी तंबोऱ्याचा षड्ज काळी एकला धरला तर मंद्र पंचमाची तार सेकंदाला सुमारे 104 कंपनं देते, आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकची गुणगुण असते 100 हर्ट्झची. दोन्ही एकत्र आले की पंचम सेकंदाला चारएकदा डोलायला लागतो. मला तो डोल हेडफोनमध्ये ऐकू येतो. चाचांना हेडफोन लागत नाही. “ती नळी घालवा आधी,” ते म्हणतात, “पंचम लागंना झालाय.”

तारेचं चित्र घेणंही सोपं नाही. शटरचा वेग वाढवला की मोबाइलच्या कॅमेऱ्यात तार सापासारखी वळवळताना दिसते, कारण त्याचा सेन्सर चित्र एकेक ओळ करून टिपतो आणि तेवढ्यात तार जागा बदलते. डोळ्याला दिसते तशी धूसर पट्टी हवी असेल तर शटर एक-पन्नासांशावर ठेवून दारातला उजेड एनडी फिल्टरनं कमी करावा लागतो.

ते जमलं तरी तारेतून जवारी दिसत नाही. ती दिसते चाचांच्या चेहऱ्यावर. कानस चालवताना ते शेजाऱ्याशी उसाच्या बिलावर बोलत असतात. तार छेडली की वाक्य अर्ध्यावर थांबतं, नजर कुठंच नसते, आणि हवा तो आवाज आला की राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू होतं. बोलणं थांबण्यापासून पुन्हा सुरू होण्यापर्यंतचा अवकाश हेच या शॉटचं माप. ‘ग्लास’मध्ये जे काम श्वास करतो, ते इथं ऐकणं करतं. आता मी कॅमेरा त्यांच्या हातापासून काढून कानाच्या बाजूला लावतो, हाताला चौकटीच्या खालच्या कडेला जागा देतो आणि ते पुन्हा बोलू लागेपर्यंत शॉट सोडत नाही.

फिल्मची सुरुवात अजून चित्रित व्हायची आहे. ती मंगळवेढ्याकडच्या शेतात होईल, जिथं भोपळा महिनोन् महिने नुसता वाळत पडतो. तिथं श्वास नाही, ठोका नाही, कुणी ऐकणाराही नाही. त्या कामाची लय कुठं धरायची हे ठरवल्याशिवाय कॅमेरा घेऊन जाण्यात अर्थ नाही, म्हणून पहिली फेरी रिकाम्या हातानं करणार आहे.