चौक ‘लिहिणे’ आणि चित्र मांडणे

विधीतून निर्माण झालेली आकृती प्रदर्शनात मांडली असता तिच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न कलामीमांसेइतकाच भाषाभ्यासाचाही आहे. १९८९ साली पॅरिस येथे पाँपिदू केंद्र व ला व्हिलेत अशा दोन ठिकाणी भरलेले ‘पृथ्वीवरील जादूगार’ हे प्रदर्शन या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्याँ-ह्यूबेर मार्तें यांनी योजिलेल्या या प्रदर्शनात शंभराहून अधिक कलावंतांच्या कृती होत्या. त्यांपैकी सुमारे निम्मे कलावंत पाश्चात्त्य जगाबाहेरील होते. वारली कलावंत जिव्या सोमा म्हसे हे त्यांतील एक होत.

वारली समाजात लग्नप्रसंगी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक घालतात, आणि या क्रियेस चौक ‘लिहिणे’ असे म्हणतात. ‘लिख्’ या संस्कृत धातूचा मूळ अर्थ खरवडणे, ओरखडणे असा असून अक्षर व चित्र हा भेद त्यात अभिप्रेत नाही. चौकात पालघट देवीची स्थापना होते व धवलेरी गीते गाते. हात, कंठ आणि मुहूर्त यांच्या मेळाने जी क्रिया सिद्ध होते, तिचा भिंतीवर उरलेला अंश म्हणजे चौक होय.

असाच प्रकार मध्य ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी लोकांत आढळतो. त्यांच्या भाषेतील ‘कुरुवारी’ हा शब्द पूर्वजांनी भूमीवर उमटविलेल्या खुणांचा आणि त्या खुणांच्या आकृत्यांचाही वाचक आहे. ही आकृती देहावर, ढालीवर वा जमिनीवर काढली जाते. देह आणि भूमी ही जणू एकाच स्मृतीची दोन स्थाने. मात्र ती काढण्याचा अधिकार नात्यावर अवलंबून असतो. पित्याकडून हक्क लाभलेले ते ‘किर्दा’ आणि मातेकडून आलेल्या नात्याने विधीची व्यवस्था पाहणारे ते ‘कुर्दुंगुर्लू’. या दोघांवाचून विधी पुरा होत नाही.

ला व्हिलेत येथे यूएन्डुमूच्या वार्लपिरी मंडळींनी जमिनीवर आकृती घडविली, व तिच्यामागील भिंतीवर इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांनी हातांनी चिखलाचे प्रचंड वर्तुळ रेखिले. दोहोंत माती व हात समान असल्याने साम्य सहज जाणवते. परंतु लाँग यांचे वर्तुळ स्वेच्छेने रेखिलेले आहे, तर वार्लपिरी आकृतीस नात्याची अनुज्ञा लागते. भिंतीवरील वर्तुळाने खालची आकृती झाकोळली, असा आक्षेपही घेण्यात आला.

म्हसे यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. विवाहाचा चौक लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा. म्हसे यांनी पुरुष असून १९७० नंतरच्या दशकात कागदावर चित्रे काढण्यास आरंभ केला. तेव्हा पॅरिसला पोहोचली ती चौकातून उगवलेली एक नवी कला होती. तीत मुहूर्त व गीत सुटले. परंतु चौकाला कधी नसलेले कर्त्याचे नाव तिला लाभले. या घटनेस केवळ हानी म्हणणे एकांगी ठरेल.

तात्पर्य, प्रदर्शन आकृती दाखवू शकते. अधिकार दाखवू शकत नाही, तो सांगावा लागतो. विधिजन्य कृतीच्या परिचयात ‘हे काय आहे’ यापूर्वी ‘हे कोणी, केव्हा व कोणत्या नात्याने करावयाचे’ हे नोंदविले पाहिजे. त्यासाठी त्या समाजाने योजिलेले क्रियापद हाच सर्वांत विश्वसनीय आधार होय.