अग्निशामक उमेदवाराची परीक्षा

शिडी चढणे, नळ्या जोडणे, दोराची गाठ मारणे ही कामे डोळ्यांना दिसतात. उमेदवाराने पन्नास वेळा सराव केला की हात आपोआप चालू लागतात आणि प्रांगणात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला घड्याळ पाहून त्याला गुण देता येतात. परंतु हे सारे आपण कशासाठी करीत आहोत, याची जाण त्या उमेदवाराला आहे की नाही, हे त्याच्या हातांकडे पाहून कळत नाही. अग्निशामकाच्या शिक्षणातील अवघड भाग हाच होय. सराव ज्या परिस्थितीत झाला तीच परिस्थिती प्रत्यक्ष आगीत क्वचितच समोर येते. आणि ती बदलली म्हणजे हातांची सवय अडखळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, न अडखळता तशीच पुढे जाते.

ब्रिटनमध्ये या अडचणीवर पद्धतशीर उपाय योजण्याचा प्रयत्न झाला. तेथे १९८६ पासून निरनिराळ्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक पात्रतेची योजना आकारास आली आणि पुढे अग्निशामकाचे कामही तिच्या कक्षेत आले. या पात्रतेत एका दिवशी एका दालनात बसून पेपर लिहिण्याची परीक्षा नसते. कामाचे भाग पाडलेले असतात: माणसांची सुटका, आगीचा बंदोबस्त, घातक द्रव्यांपासून संरक्षण, इत्यादी. प्रत्येक भागापुढे उमेदवाराने काय करून दाखवावे हे लिहिलेले असते आणि त्याच्या जोडीला त्याला काय ठाऊक असावे व काय समजलेले असावे, हेही लिहिलेले असते. या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा महिनोन् महिने, प्रसंगाप्रसंगाने गोळा करायचा असतो. कृतीतूनच समज उघड झाली तर तशी नोंद होते. न झाली तर मूल्यमापक प्रश्न विचारतो. मूल्यमापकाचा निर्णय योग्य होता की नाही, हे पडताळण्यासाठी आणखी एक अधिकारी असतो.

ठाऊक असणे आणि समजणे यांतील अंतर मात्र उदाहरणाने पाहिलेले बरे. स्वयंपाकघरात गॅस गळत आहे. तो खोलीत कोठे साचेल? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत, मोरीत, जिन्याच्या तळाशी उतरतो. ‘खाली’ हे उत्तर पाठ केलेला उमेदवार येथे पूर्ण गुण मिळवील. पण शहरांतून नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. ज्याने केवळ उत्तर पाठ केले आहे, तो या दुसऱ्या घरातही वाकूनच हुंगत राहील. ज्याला कारण कळले आहे, तो उंबरठ्यावरच विचारील, ‘गॅस कोणता?’ मूल्यमापकाचे लक्ष असते ते या प्रश्नाकडे.

श्वसनयंत्राचा हिशेब हेही असेच उदाहरण आहे. अग्निशामकाच्या पाठीवरील नळकांड्यात बहुधा दाबाखाली भरलेली साधी हवा असते. लोक समजतात तसा निव्वळ प्राणवायू नव्हे. तीत १८०० लिटर हवा आहे आणि माणूस मिनिटाला ४० लिटर वापरतो असे धरले, तर ती ४५ मिनिटे पुरेल. त्यांपैकी १० मिनिटे राखीव ठेवली की कामासाठी उरतात ३५. हा भागाकार शाळकरी मुलालाही येईल. पण ४० लिटरचा आकडा धरून चाललेला आहे, मोजलेला नव्हे. भरलेली नळी ओढीत तीन मजले चढणाऱ्या, किंवा बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेतलेल्या जवानाचा श्वास त्या आकड्याला जुमानत नाही. शिवाय आत जाताना माणूस ताजातवाना असतो आणि परतताना थकलेला. तेव्हा निम्मी हवा संपेपर्यंत आत जावे हा हिशेब कागदावर बरोबर आणि धुरात चुकीचा ठरतो. म्हणून अनुभवी मूल्यमापक भागाकार करवून घेतल्यावर लगेच पुढे विचारतो: तुमच्या जोडीदाराच्या नळकांड्यात तुमच्यापेक्षा कमी हवा आहे, तर दोघांनी कोणाच्या मापकाप्रमाणे परतायचे? येथे पुष्कळ उमेदवार क्षणभर गप्प होतात. उत्तर सोपे आहे. पण ते आकड्यातून निघत नाही, दोघांनी एकमेकांना सोडायचे नाही या नियमातून निघते.

आणि नियम तरी नुसता ठाऊक असून भागते काय? ब्रिटनमध्ये श्वसनयंत्र लावून आत जाणारा प्रत्येक जवान आपल्या नावाची पट्टी दाराशी उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हाती देतो. आत कोण आहे, किती वाजता गेला, केव्हा परतला पाहिजे, हे त्या फळ्यावर दिसते. ‘पट्टी का द्यायची?’ असे विचारल्यावर ‘नियम आहे म्हणून’ असे उत्तर देणारा उमेदवार आज्ञाधारक असेल. पण घाईच्या वेळी, समोर आई मुलासाठी आक्रोश करीत असताना, तो ती पट्टी खिशातच ठेवून आत धावण्याचा संभव अधिक. या नियमामागे लंडनच्या स्मिथफील्ड बाजारातील आग आहे. २३ जानेवारी १९५८ रोजी तेथील कोंबड्यांच्या बाजाराखालच्या तळघरांत, शीतगृहांच्या चक्रव्यूहासारख्या बोळांत आग लागली. दाट धुरात शिरलेले दोन जवान वाट चुकले आणि परत आले नाहीत. त्यानंतर आत गेलेल्या माणसांची नोंद ठेवण्याची शिस्त आणि हवा संपत आल्याची सूचना देणारी शिटी यांना सक्तीचे स्वरूप आले. ही हकीगत ज्याला माहीत आहे, त्याच्या हातातील पट्टीला वेगळे वजन येते.

बंद दाराचा धडा याहून कठीण आहे. खोलीची दारे-खिडक्या बंद असल्या की आतील आग हवेअभावी मंदावते, ज्वाला जवळजवळ दिसेनाशा होतात. पण खोली तापलेलीच असते आणि न जळलेल्या ज्वालाग्राही वायूंनी भरलेली असते. धूर म्हणजे आगीने मागे टाकलेला कचरा, अशी सामान्य माणसाची कल्पना असते. अग्निशामकाला मात्र धूर हेही इंधनच आहे, हे पहिल्यांदा शिकावे लागते. अशा वेळी दार उघडले की ताजी हवा आत घुसते आणि क्षणार्धात साऱ्या खोलीचा भडका दाराबाहेर येतो. याला बॅकड्राफ्ट म्हणतात. फ्लॅशओव्हरची तऱ्हा निराळी: तेथे छताखाली साठलेल्या तप्त वायूंची धग खाली उतरते आणि तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की खोलीतील प्रत्येक वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेते.

१ फेब्रुवारी १९९६ रोजी वेल्समधील ब्लेना या गावी एका घरात अडकलेल्या मुलांसाठी आत गेलेले दोन जवान बॅकड्राफ्टमध्ये मरण पावले. ते गावातलेच, बोलावणे येताच हातचे काम टाकून धावणारे अग्निशामक होते. त्यानंतर तीनच दिवसांनी ब्रिस्टल येथे एका मोठ्या दुकानाच्या आगीत फ्लर लोम्बार्ड ही २१ वर्षांची तरुणी फ्लॅशओव्हरमध्ये सापडून दगावली. शांततेच्या काळात कर्तव्यावर असताना प्राण गमावणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री-अग्निशामक. या दोन घटनांनंतर बंदिस्त जागेतील आगीचे शिक्षण कसे द्यावे, याचा तेथे नव्याने विचार झाला. स्वीडनमध्ये आधीपासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे पोलादी कोठ्यांत खरी आग पेटवून उमेदवारांना धुराचे वर्तन डोळ्यांनी दाखवण्यास वेग आला. काळवंडलेली काच, हाताला चटका देणारे दार, फटींतून श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होणारा धूर, ही लक्षणे पुस्तकात चार ओळींत येतात; कोठीत ती एकदा पाहिलेला उमेदवार त्यांचे वर्णन स्वतःच्या शब्दांत करतो आणि तेथेच त्याची समज ओळखू येते.

या पद्धतीत दोषही शिरले. पुरावा हवा म्हटले की कागद आला. उमेदवारांच्या फायली फुगू लागल्या. कागदपत्रांचा ढीग वाढवण्याची कला केवळ सरकारी कचेऱ्यांनाच अवगत आहे असे नाही! पाठ्यपुस्तकातील उतारा उतरवून काढणे म्हणजे समज सिद्ध करणे, असा गैरसमज होणे अगदी सोपे असते. उलट, ज्याला सारे उमगले आहे पण लेखणी चालत नाही, अशा उमेदवारावर लेखी पुराव्याच्या आग्रहाने अन्यायच होतो. या दोहोंवर उतारा एकच: समोर बसून शांतपणे बोलणे. ‘तू त्या दिवशी दार थोडेच का उघडलेस?’ आणि मग, ‘वारा विरुद्ध दिशेने असता तर?’ अशा दहा मिनिटांच्या संभाषणात जे कळते ते शंभर पानांच्या फायलीत सापडेलच असे नाही. मात्र मूल्यमापक स्वतः जाणता हवा, आणि त्याला तेवढी सवड हवी.

भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अग्निशामक सेवा कोठे नगरपालिका चालवतात, कोठे राज्य शासन. शिक्षणाची पातळीही त्याप्रमाणे कमी-अधिक असते. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरला आले. २०१३ साली देशात राष्ट्रीय कौशल्य पात्रतेची चौकटही आखण्यात आली. पण इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या मूल्यमापकाने मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या उमेदवाराची समज जोखताना पारिभाषिक शब्दासाठी अडून बसू नये, हे पथ्य येथे विशेष पाळावे लागते. ‘पाणी मारले तर पोत्यातून पेटणारा वायू सुटेल साहेब’ असे म्हणणाऱ्या उमेदवाराला ॲसिटिलीन हा शब्द आठवला नाही, तरी फळांच्या वखारीत बेकायदा ठेवलेल्या कार्बाइडचा धोका त्याला पुरता कळलेला आहे.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली, तेव्हा त्याच्या पोटात स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. जवानांनी जहाजावर पाण्याचा मारा चालवला. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्यात ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले, आणि दर वर्षी १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो. त्या जहाजासारख्या एखाद्या जहाजाचा किंवा वखारीचा आराखडा उमेदवारापुढे ठेवून, पाण्याचा पहिला झोत कोठे सोडाल, असे विचारता येते. कोणी लगेच बोट ठेवतो. कोणी आराखडा उलटसुलट करून पाहतो आणि मूल्यमापकालाच विचारतो, ‘आत माल कोणता आहे, आणि कशाच्या शेजारी काय ठेवले आहे?’