दांडी गरागरा फिरवू नका, बॉस!

फूसबॉलच्या टेबलाशी नवखा माणूस उभा राहिला की काय करतो? दांड्या गरागरा फिरवतो! रसवंतीचं चाक फिरवावं तसा. हिंजवडीतल्या आमच्या कॅफेटेरियात लंचनंतर रोज हाच सीन. आणि नियमाने हा चक्क फाउल आहे.

मी मूळचा काष्टीचा, तालुका श्रीगोंदा. गाव प्रसिद्ध जनावरांच्या बाजारासाठी, आणि बसून खेळायचं म्हटलं की आमच्याकडे कॅरम. त्यामुळे दांड्यांना लटकलेले हे बावीस बुटके आले कुठून, असा प्रश्न मला पडलाच.

इंग्लंडच्या हॅरॉल्ड थॉर्नटनने १९२१ साली अशा टेबलाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२३ मध्ये ते मिळालं. काडेपेटीवर आडव्या काड्या ठेवताना त्याला ही आयडिया सुचली, असं म्हणतात. दुसरी गोष्ट स्पेनची. तिथल्या यादवी युद्धात १९३६ साली अलेहांद्रो फिनिस्तेर्रे हा कोवळा पोरगा बॉम्बहल्ल्यात जखमी झाला. हॉस्पिटलात त्याच्यासारखीच जखमी मुलं होती. त्यांना फुटबॉल खेळता येणार नव्हता. मग त्याने एका सुताराकडून टेबल बनवून घेतलं आणि १९३७ मध्ये बार्सिलोनात पेटंट घेतलं. ‘फूसबॉल’ हे नाव मात्र जर्मन शब्दावरून आलं. ‘फ्रेंड्स’मधल्या जोई-चँडलरच्या घरातलं टेबल आठवतंय? तेच हे!

आता बेसिक फंडा. प्रत्येक बाजूला चार दांड्या. गोलकीपर एक, बचावाला दोन, मधल्या फळीत पाच, हल्ल्याला तीन. झाले अकरा. डबल्समध्ये एकाने मागच्या दोन दांड्या सांभाळायच्या, दुसऱ्याने पुढच्या दोन. २००२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार पाचांच्या दांडीवर चेंडू दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, बाकीच्या दांड्यांवर पंधरा. आणि चेंडू मारण्याआधी किंवा नंतर दांडीने पूर्ण एका फेऱ्याहून जास्त फिरायचं नाही.

म्हणजे खेळ ताकदीचा नाही, मनगटाचा. आधी चेंडू पायाखाली थांबवा, मग पास, मग झटका. समोरची वाट बंद असेल तर कडेच्या भिंतीवर आपटून काढा. कॅरमवाल्यांना रिबाउंड काय शिकवायचा!

आमच्या टीममधल्या एकाला लहानपणी पोलिओ झाला. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये तो कायमचा अंपायर. इथे उंच स्टुलावर बसतो आणि भल्याभल्यांना लोळवतो. कुणी त्याला सोपा चेंडू देत नाही, आणि दिलेला त्याला चालतही नाही. हॉस्पिटलातल्या त्या पोराला टेबल नेमकं कशासाठी हवं होतं, ते त्याचा खेळ बघून कळतं.

तेव्हा उद्या लंचनंतर टेबलाशी जाल, तेव्हा आधी मनगट सैल सोडा. आणि जोडीला स्कोर लिहिणाऱ्यालाही घ्या. काय सांगावं, तुमचा स्ट्रायकर तोच असेल!