मॅकॉ सेल्युलर : एका गिळलेल्या कंपनीची कहाणी

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मत्स्यन्याय अर्थशास्त्राच्या तासाला आपण अनेकदा ऐकतो. पण अमेरिकेतील मॅकॉ सेल्युलर या कंपनीचा इतिहास वाचताना मला वाटले, हा न्याय इतका सरळ नाही.

बिनतारी दूरध्वनीसाठी शहराचे लहान लहान विभाग पाडावेत, ही कल्पना बलाढ्य एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली मांडली गेली. प्रत्येक विभागाला एक मनोरा द्यायचा आणि त्याच रेडिओलहरी काही अंतरावरच्या विभागात पुन्हा वापरायच्या. त्यामुळे मोजक्या लहरींवर हजारो लोक एकाच वेळी बोलू शकतात. पुढे मक्तेदारीविरोधी खटल्यातून १ जानेवारी १९८४ रोजी या कंपनीचे विभाजन झाले आणि बिनतारी सेवा तिच्यापासून अलग झालेल्या सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. ज्या घरात कल्पना जन्मली, ते घर रिकामे राहिले!

सरकारने प्रत्येक शहरासाठी दोन परवाने ठेवले होते : एक स्थानिक दूरध्वनी कंपनीला, दुसरा बाहेरच्या कोणाला. अर्जांचा ढीग साचला, तेव्हा सोडती काढाव्या लागल्या. या धंद्याशी कसलाही संबंध नसलेल्यांनाही परवाने लागले. क्रेग मॅकॉ या तरुणाने नेमके हेच हेरले. वॉशिंग्टन राज्यातील सेंट्रेलिया गावची छोटी केबल कंपनी त्याच्या कुटुंबाकडे होती. त्याने कर्जे काढून परवाने विकत घेण्याचा सपाटा लावला. १९८६ साली एमसीआय कंपनीचा बिनतारी व्यवसाय घेतला, १९८७ साली केबलचा धंदा विकून टाकला आणि १९९० साली लिन ब्रॉडकास्टिंगवर ताबा मिळवून न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसमध्ये पाय रोवले. कंपनी देशात अग्रेसर झाली. मात्र कर्जाचा डोंगरही तेवढाच वाढला.

१९९४ साली तिला विकत घेतले ते एटी अँड टीनेच. सुमारे १,१५० कोटी डॉलर मोजून! स्वतःच्याच प्रयोगशाळेतील कल्पनेची ही किंमत होती.

कहाणी इथे संपत नाही. एटी अँड टीची ही बिनतारी शाखा २००१ साली वेगळी झाली आणि २००४ साली सिंग्युलरने ती सुमारे ४,१०० कोटी डॉलरना घेतली. सिंग्युलरचे मालक कोण? १९८४ च्या विभाजनातून निघालेल्याच दोन कंपन्या! त्यांपैकी एसबीसीने २००५ साली मूळ एटी अँड टीच विकत घेऊन तिचे नाव धारण केले.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण महाराष्ट्र-गोव्यात मुंबईबाहेर बिर्ला समूहाबरोबर मोबाइल सेवा सुरू करणारी भागीदार एटी अँड टीच होती. तीच कंपनी पुढे ‘आयडिया’ झाली आणि २०१८ साली तिचे व्होडाफोनच्या भारतीय व्यवसायाशी एकत्रीकरण झाले.

न्यायालय मक्तेदारी एका दिवसात मोडू शकते. पण तिचे तुकडे वीस-बावीस वर्षांत पुन्हा सांधले जातात. या सौद्यांत दूरध्वनी वापरणाऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून स्पर्धा एकदा निर्माण करून भागत नाही, तिची राखण सतत करावी लागते, असे मला वाटते.