तीन मिनिटांचा फोन

आईच्या आयफोनची चार्जिंगची पट्टी बदलून आणली आणि तेव्हापासून तो दर तीन मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. वेळ अगदी ठरलेली. जबलपुरात कमानिया गेटजवळच्या एका छोट्या दुकानात तो घेऊन गेलो. टेबलाला खेटून स्टूल मिळालं, त्यामुळे सगळं जवळून पाहता आलं.

कारागिराने लगेच फोन उघडला नाही. सेटिंगमध्ये जाऊन फोनने स्वतःच लिहून ठेवलेली नोंद काढली, 'पॅनिक-फुल'. अक्षरांच्या त्या गर्दीत त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. दोन सेन्सर सापडत नाहीत: 'माइक-वन' आणि 'पीआरएस-झिरो'. म्हणजे खालचा माइक आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर. दोन्ही चार्जिंगच्या पट्टीवरच बसवलेले. सेन्सरची उत्तरं आली नाहीत की तापमानावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम अडकतो आणि १८० सेकंद त्याची हजेरी लागली नाही, की फोन स्वतःला नव्याने सुरू करतो.

मग स्क्रू निघाले. चुंबकाच्या चटईवर ते फोनमधल्या जागेप्रमाणेच मांडले गेले. दिसायला सगळे सारखे, पण लांबीत केसाएवढा फरक. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर खालचा बोर्डच जखमी होतो. पट्टीचं टोक त्याने काढलं, ब्रशने पुसलं, पुन्हा दाबलं. टक् असा बारीक आवाज आला. तरीही तीन मिनिटांनी पडदा काळा.

"पहले पुरानी लगाके देखते हैं, भैया."

जुनी पट्टी मी पुडीत बांधून आणली होती. (बदललेला भाग दुकानात सोडून येऊ नये, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.) ती नुसती वरून जोडली. तीन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. चार्जिंग होईना, पण फोन जागा राहिला. बोर्ड शाबूत होता. दोष नव्या पट्टीतच होता.

दुसरी पट्टी बसवून त्याने फोन माझ्या हातात दिला, "घूमके आइए." १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेल्या त्या कमानीखाली मी घड्याळ बघत उभा राहिलो. चौथं मिनिट उलटलं तेव्हा रेकॉर्डर सुरू केला, परत जाऊन त्याला ऐकवला. रिक्षाचे हॉर्न, सराफ्यातली गर्दी, सगळं स्वच्छ. त्याने मान डोलावली आणि शेवटचे दोन स्क्रू आवळायला घेतले.