सर्वाधिक सायटेशन म्हणजे सर्वांत मोठा शोध?

जगात सर्वाधिक सायटेशन (इतर निबंधांतले उल्लेख) कोणत्या शोधनिबंधाला, असं विचारलं की डीएनएची रचना नाहीतर सापेक्षतावाद, अशी उत्तरं येतात. दोन्ही चूक. २०१४ मध्ये 'नेचर'ने पहिल्या शंभर निबंधांची यादी छापली, तेव्हा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध तिच्यात नव्हताच. तीन लाखांहून अधिक उल्लेखांसह अव्वल होता जैवरसायनशास्त्रज्ञ ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध. विषय साधा: द्रावणात प्रथिन किती आहे, ते मोजायचं कसं?

मग सायटेशनचा हा डोंगर पोकळ समजायचा का? तसंही नाही. लाउरींची पद्धत अशी: नमुन्यात तांब्याचं अल्कधर्मी द्रावण मिसळायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग फोलिनचं अभिकर्मक घालून अर्धा तास थांबायचं. नळीत निळा रंग चढतो. प्रथिन जास्त तितका तो गडद. विकराची क्रियाशीलता सांगायची तर ती 'दर मिलिग्रॅम प्रथिनामागे' सांगावी लागते. त्यामुळे यकृतावर काम करणारा असो की जिवाणूंवर, निबंधाच्या 'पद्धती' या विभागात लाउरींचं नाव यायचंच. रंग प्रत्येक प्रथिनागणिक थोडा वेगळा येतो, डिटर्जंट असेल तर मोजणी बिघडते. तरी पद्धत स्वस्त आणि संवेदनशील, म्हणून टिकली. यादीतले पुढचे दोन निबंधही पद्धतींचेच: लेम्ली (१९७०) आणि ब्रॅडफर्ड (१९७६). सायटेशनचा आकडा निबंधाचा वापर किती झाला ते सांगतो, आणि प्रयोगशाळेत वापराला येणं ही लहान गोष्ट नव्हे.

मला सर्वांत जास्त खटकतो तो तिसरा समज: लाउरी म्हणजे एका निबंधाचा माणूस. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते १९४७ पासून औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचं खरं वेड होतं सूक्ष्म मोजणीचं. गोठवून सुकवलेल्या ऊतीतून एकेक चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली सुटी करायची, क्वार्ट्झच्या तंतूच्या टोकावर ठेवायची आणि तंतू किती वाकला त्यावरून तिचं वजन काढायचं! त्या पेशीतले रेणू मोजायला त्यांनी विकरांची अशी चक्रं रचली, की अत्यल्प पदार्थाचाही संकेत हजारो पटींनी वाढावा. जॅनेट पासोनो आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९६४ मध्ये, रक्तपुरवठा तुटल्यावर उंदराच्या मेंदूतली ऊर्जा कशी झपाट्याने संपते, ते क्रमाक्रमाने मोजलं. लाउरी हे नाव घ्यायचं तर आधी या कामासाठी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

संशोधकाच्या एच-इंडेक्समध्ये तरी लाउरींचा १९५१ चा निबंध भारी पडत असेल? नाही. जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकेच उल्लेख मिळाले, अशी सर्वांत मोठी संख्या म्हणजे तो निर्देशांक. तीन लाख उल्लेखांच्या या निबंधाने त्यात पडणारी भर फार तर एका अंकाची.