जुन्या शहरांच्या वाटा : लेखांक सातवा – बेळगावच्या गल्ल्या

बीजिंगच्या ‘हुतोंग’ नामक बोळांची हकिगत मागील लेखांकी सांगितली. जुने नगर अबाधित ठेवून सरकारी कचेऱ्या त्याच्या पश्चिमेस नव्याने वसवाव्यात, ही ल्यांग सिचंग या वास्तुविशारदाची १९५० सालची योजना फेटाळली गेली, पुढे नगराचा तट पडला आणि तटामागोमाग बोळांवरही गदा आली, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. गंमत अशी, की बेळगावात इंग्रजांनी अजाणता तसलीच योजना अमलात आणली होती. १८१८ साली पूर्वेकडील किल्ला हस्तगत झाल्यावर त्यांनी आपली छावणी गावाच्या पश्चिमेस वसविली, आणि या दोहोंमधील गणपत गल्ली, मारुती गल्ली, कडोलकर गल्ली, चव्हाट गल्ली इत्यादी दाट वस्ती तिच्या पूर्वापार वहिवाटीवर सोडून दिली.

या गल्लीतले जुने घर दर्शनी बाजूस अरुंद, परंतु आत खोल. रस्त्यालगत कट्टा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे परडे व विहीर. भिंती जांभ्या दगडाच्या, छपर उतरते कौलारू. बेळगावचा आषाढ ज्याने पाहिला आहे, त्याला त्या वळचणीचे प्रयोजन निराळे सांगावे लागणार नाही. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असल्यामुळे एकाने घर पाडावयाचे म्हटले, की दुसऱ्याच्या तुळया टेकूवर येतात. वाटणीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि घरे मात्र उभी राहिली, याचे श्रेय पुष्कळ अंशी या भिंतीला द्यावे लागेल.

गल्ली ही केवळ निवासाची जागा नव्हती. गणपत गल्लीतील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ सालची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते याच शहरात. पुढे नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला जागा हवी झाली, तेव्हा त्यांना आपला कारखाना हलवावा लागला, आणि औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शहरसुधारणेची किंमत शहराला कशी मोजावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

रेल्वेच्या रुळांपलीकडचे शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानच्या अमलाखाली होते. विणकरांची आणि सराफांची ही पेठ बेळगावला खेटून असली, तरी हुकूम सांगलीचा. एकाच बाजारहाटात दोन राज्यांचे कायदे नांदत.

आज किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. गल्लीला कोणतेच नाही. कायद्याला मंदिर दिसते, तट दिसतो. ओळीने उभी असलेली सामान्य घरे त्याच्या लेखी निव्वळ मिळकती होत. रुंदीकरणाची तांबडी खूण भिंतीवर उमटली, की प्रथम कट्टा जातो, मग सोपा. उरलेल्या माजघरावर मजले चढवून खाली गाळे काढले जातात. आणि खेदाची गोष्ट ही, की सीमाप्रश्नाच्या धामधुमीत पाटीवर कोणती लिपी असावी याचा वाद ज्या निकराने लढला गेला, त्याच्या चतुर्थांश निकरानेही पाटीमागच्या घराचा विचार आपण केला नाही. मी या दोषातून मराठी मंडळींनाही वगळीत नाही.

तरीही गल्ली मोडलेली नाही, कारण तिचे पंच आहेत. टिळकवाडीला बंगला बांधून राहावयास गेलेला गृहस्थ गणेशोत्सवाची वर्गणी जुन्या गल्लीतच देतो, आणि शिवजयंतीच्या चित्ररथामागे गल्लीच्याच नावाने चालतो. जतनाचे काम सुरू करावयाचे तर ते याच मंडळींकडून करावे. प्रत्येक गल्लीच्या पंचांनी उभ्या असलेल्या घरांची मोजणी, छायाचित्रे, सिटी सर्व्हेचे उतारे आणि घरोघरच्या पेट्यांतील जुने दस्तऐवज यांचे एक दप्तर सिद्ध करावे. नुकसानभरपाईच्या सुनावणीत त्याचा उपयोग होईल, आणि घरमालकाला जतनाची गोडी लावावयास तेवढे कारण पुरेसे आहे.

निपाणकर देसायांचा वाडा आणि तंबाखूच्या वखारी यांचा विचार पुढील लेखांकी.